सव्वा ग्रॅम

वेकफील्डच्या चर्चच्या हॉलमध्ये नोव्हेंबरात
एकच हीटर चालू असतो, तोही विकणाऱ्याच्या पाठीशी.
तिसऱ्या टेबलावरचा डेरेक हॉइल
मखमलीच्या डबीत मला एक होन दाखवतो.
सोन्याचा. शिवकालीन. चारशे ऐंशी पौंड.
तुमच्यासाठी चारशे.

तुमच्यासाठी, म्हणजे
माझ्या कपाळावरच्या टिकलीसाठी.

मग गोष्ट येते. येतेच.
कोणी एक कर्नल, पुण्याचा कॅम्प,
मरताना नातीच्या हातात दिलेली तंबाखूची डबी.
मी ऐकून घेते. हातातला चहा गरम आहे तोवर
कुणाचंही ऐकावं.

निषाद, तू आता जमवायला लागलायस म्हणून सांगते:
गोष्टीला वजन नसतं.
काट्यावर नाणं ठेवायचं, कर्नल नाही.
कड बघ. साच्यात ओतलेल्याला कडेनं शिवण असते,
कानशीनं घासली तरी असते.
भिंग धर. बारीक खड्डे दिसतील,
देवी येऊन गेलेल्या गालासारखे.
विचार, पावती देता का, खोटं निघालं तर परत घ्याल का.
उत्तर द्यायच्या आधी जो टाय नीट करतो
त्याच्याकडून पोस्टकार्डसुद्धा घेऊ नये.
आणि घाई नको. 'आत्ताच एक गिऱ्हाईक बघून गेलं' म्हणतात ना,
ते गिऱ्हाईक तीस वर्षं बघून जातंय,
अजून त्यानं काही घेतलेलं नाही.

एक्क्याण्णव साली ह्यांनी हॅलिफॅक्सहून असाच एक आणला.
पगाराची संध्याकाळ, दोनशे दहा पौंड,
घरातला बॉयलर बंद पडलेला.
कोट न काढता जिन्यातूनच हाक मारली,
'अगं, हात धुऊन ये.'
प्रसाद घ्यायला बोलवावं तसं.

मी तेव्हा औषधाच्या दुकानात गोळ्या मोजायचे.
दुसऱ्या दिवशी रुमालात बांधून नेला,
जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं ओढून
काट्यावर ठेवला.
सव्वा ग्रॅम कमी.
काच पुसून पुन्हा ठेवला.
सव्वा ग्रॅम.
पितळ, वर सोन्याची साय.

संध्याकाळी जागच्या जागी ठेवून दिला.
पुढची बावीस वर्षं, दर दिवाळीला,
आल्यागेल्याला तो होन दाखवला गेला
आणि चकल्यांची ताटली घेऊन मी शेजारी उभी,
माझ्याही चेहऱ्यावर तीच साय.

हॉइलला म्हटलं, काटा आणलाय पर्समध्ये. ठेवू?
त्यानं डबी मिटली.
हलकेच, आत कुणी झोपलंय अशी.

दाराशी एका म्हातारीचा आइस्क्रीमचा डबा होता,
'परदेशी, कोणतंही पन्नास पेन्स'.
बोटं काळी होईपर्यंत उपसला.
पोर्तुगाल, केनिया, कुठल्याशा जत्रेतल्या पाळण्याचं टोकन,
आणि तळाशी तांब्याचा एक जाड, वेडावाकडा तुकडा.
शिवराई.
ठसा मोठा, नाणं लहान, घाव घालणाऱ्याला पुढची शंभर पाडायची.
'श्री' अर्धा कडेबाहेर,
'राजा'तला 'रा' तेवढा आत राहिलेला.
ह्यांच्या होनावर अख्खं नाव होतं,
एकेक अक्षर शाळेच्या फळ्यावर काढावं तसं.
खरं तर काट्याची गरजच नव्हती.

म्हातारीला म्हटलं, हे पन्नास पेन्सचं नाहीये हो.
तिनं चष्मा कपाळावर सरकवून बघितलं.
'काळं पडलंय गं फारच. तीस दे.'
मी पाचाची नोट ठेवली आणि सुट्ट्यांची वाट न बघता
बस पकडली.

आता दोन्ही एकाच डबीत आहेत.
डबी पुढे तुझीच.
शिवराई हवी तर वीक, चहापाण्याचे पैसे येतील.
होन मात्र विकू नकोस,
कुणाला तरी तो खरा वाटेल.
आणि बघायला येशील तेव्हा
हात धुऊन ये.